सगुणामावशीचे तीस टक्के

चोरी करणारी बाई असती ना, तर मला एवढा धक्का बसला नसता. कंपनी म्हटली की चोऱ्या आल्याच. कुणी टेप नेतो, कुणी कटर नेतो. आमच्याकडचा बाबाजी तर स्टोअरमधला पंखा घेऊन गेला आणि गणपतीत घरच्या मखराला लावला. आम्ही आरतीला गेलो आणि त्याच पंख्याची हवा खाऊन आलो. पण सगुणामावशीने जे केलं त्याला काय नाव द्यायचं ते मला अजून कळलेलं नाही. आठ महिने, रोज, न चुकता, आम्हा सगळ्यांच्या नाकासमोर. आणि वर बाई समजत होती की आपण पुण्य करतोय!

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. माझ्या आईच्या माहेरची, उरणच्या अलीकडच्या खाडीकाठची. तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं. लग्न होऊन आली त्या हंगामापासून ती मिठात उतरली, ती मिठागर बुजेपर्यंत. डोक्यावर टोपली, पायाला भेगा, त्या भेगांत मीठ. ‘पहिला हप्ता झोंबतं, मंग पाय मरतो,’ असं ती हसत सांगायची. मिठागरावर भराव पडला, त्यावर कंटेनरचं गोदाम उभं राहिलं, नवरा दोन वर्षांत गेला. एकुलती मुलगी पूनम लग्न होऊन पेणला. राहिली ही एकटी. छप्पन्न वर्षांची, काटक, तोंडाने फटकळ आणि हिशेबाला चोख.

मापाचं तिला भारी वेड. मीठ विकायची तेव्हा पायली काठोकाठ भरून वर शीग लावायची, म्हणजे मापाच्या वर मिठाचा डोंगर उभा राहीपर्यंत ओतायची. दुसरे विकणारे हाताने सपाट करायचे. ही नाही. ‘गिऱ्हाईक घरी जाऊन मापतं रं बाला, नि मापला नाय तरी वरचा मापतो.’ कुणाच्या घरून डबा आला की परत जाताना त्यात काहीतरी असायचंच, अगदी चार बोरं का होईना. रिकामं भांडं तिने आयुष्यात कुणाच्या हातात दिलं नसेल.

अशी बाई कामाला मिळाली तर कुठला सुपरवायझर सोडेल? मी आमच्या कंपनीत पॅकिंग बघतो. कंपनी म्हणजे फार मोठं काही नाही. एक शेड, बावीस माणसं, मालक दीपेशभाई. दुकानात सामानावरच्या बारकोडच्या पट्ट्या वाचतात ना, ते हातातलं यंत्र, त्याच्या छोट्या लिथियम बॅटऱ्या आम्ही बनवतो. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एकेक. आठवड्याला तीनदा माल विमानाने मस्कतला जातो.

आता ही बॅटरी दिसते गरीब, पण जात तापट. म्हणून तिला पाठवायचे नियम असे की मुलगी द्यायला निघालेल्या बापानेही एवढी चौकशी करू नये. नवीन बनावटीची बॅटरी आधी प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे तिचे हाल हाल करतात. उंचावरच्या विरळ हवेत ठेवतात, भाजतात, गारठवतात, तासन्‌तास हलवतात, दणके देतात, दोन टोकं जोडून शॉर्ट करतात, आतल्या सेलला चेपतात, जास्त चार्ज करून बघतात. एवढं करूनही ती पेटली नाही, फुटली नाही, गळली नाही, तर कागद मिळतो. तो कागद नसेल तर विमान सोडा, रीतसर कुरिअरवालाही हात लावत नाही. मग खोक्याची परीक्षा. भरलेलं खोकं छातीएवढ्या उंचीवरून खाली टाकायचं आणि आतलं काही हललं का बघायचं. ते काम मावशीला फार आवडायचं. दीपेशभाईंच्या नावाने पुटपुटत टाकायची.

आमची बॅटरी प्रयोगशाळेत जायची होती तेव्हा नमुने चार्ज करायला मागच्या खोलीत एक रॅक लावला. नमुने पूर्ण भरून पाठवा, असं प्रयोगशाळेचं पत्र होतं. बरोबरच आहे, वाईटात वाईट काय होईल तेच बघायचं असतं त्यांना. ते नमुने मावशीने भरले. पास होऊन कागद आला तेव्हा तिने सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं, जशी काही पूनमच पहिली आली.

पण विमानाने जो माल जातो त्याचा नियम उलटा. बॅटरी तीस टक्क्यांच्या वर भरलेली चालत नाही. परीक्षेला भरल्या पोटी आणि प्रवासाला उपाशी, असा मामला. मावशीचं काम नेमकं हेच. मशीनवर प्रत्येक बॅटरी तीसवर आणायची, मीटर लावून बघायची, कागदावर आकडा लिहायचा, टोकांना टेप लावायची, पिशवीत घालायची, खोक्यात भरायची. कागदाखाली तिची सही. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर बैलासारखं ओढत आणलेलं, पण सही म्हणजे सही.

आठ महिने सगळं कसं झकास. तक्रार नाही, एक खोकं परत नाही. मावशी तासभर आधी यायची, दुपारी जेवायलाही मागच्या खोलीतच बसायची. मी बाकीच्यांना ओरडायचो, ‘बघा, शिका जरा! मावशीच्या वयाला पोचाल तेव्हा खुर्चीतून उठता तरी येईल का?’

त्या मंगळवारी विनिता मॅडम आल्या. आमचा माल विमानात चढवणारा जो एजंट आहे, त्याच्याकडच्या त्या तपासनीस. वर्षातून एकदा येतात, चहा घेतात, कागद बघतात, जातात. वय असेल तिशीचं, बोलणं मऊ, नजर मात्र भिंग लावल्यासारखी. दोन वाजता आल्या. सकाळचा माल ड्रायव्हर दयाराम टेम्पोत घालून केव्हाच घेऊन गेला होता, चाळीस खोकी. चारचं विमान. पुढच्या खेपेची बांधून ठेवलेली सहा खोकी तेवढी कोपऱ्यात होती.

‘एक उघडू?’ मॅडमनी विचारलं.

‘एक कशाला, सगळी उघडा,’ मी म्हटलं. काय तो माझा रुबाब! नाकाने कांदे सोलत होतो अक्षरशः.

त्यांनी एक बॅटरी काढली, टेप सोडवली, पर्समधून स्वतःचा मीटर काढून लावला. आकडा बघितला. मीटर झटकला, परत लावला. दुसरी काढली. तिसरी. मग दुसरं खोकं. मी अजून हसतच होतो, मूर्खासारखा.

‘प्रज्योत, ही तीस टक्के आहे?’

मी वाकून बघितलं. चार पूर्णांक अठरा. या बॅटरीला चार पूर्णांक अठरा व्होल्ट म्हणजे गळ्यापर्यंत भरलेली. तीसला आकडा साडेतीनच्या थोडा वर असायला हवा. मला वाटलं मीटर बिघडला. आमचा आणला. चार पूर्णांक अठरा. सहाही खोकी फोडली. एकूण एक बॅटरी तुडुंब.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, तसंच झालं. मॅडमनी विचारलं, ‘आज माल गेलाय?’ मी नुसती मान हलवली.

‘किती वाजता विमान?’

‘चार.’

घड्याळात दोन वीस.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. दयारामला फोन लावला. त्याने बाराला माल देऊन पावती घेतलेली, आता कुठेतरी वडापाव खात होता. ‘काय झालं दादा?’ म्हणाला. काय सांगणार? मॅडमनी कार्गोत फोन लावला. एक उचलेना, दुसरा म्हणाला साहेब जेवायला गेलेत. या बाईचा आवाज तोवर मऊच होता, पण आता तिने असा काही सूर लावला की शेडमधली ग्राइंडिंगची मशीन बंद करून पोरं बघायला लागली. ‘साहेबांना जेवणावरून उठवा! तो माल जाळीत बांधला असेल तर सोडवा. विमानात चढवला असेल तर उतरवा. मी लेखी देते!’ दीपेशभाई केबिनमधून धावत आले, ‘शूं थयुं, शूं थयुं,’ आणि ऐकून मटकन खुर्चीत बसले. पाणी मागितलं तर पोरीने रिकामाच ग्लास आणून दिला, इतक्या सगळ्या सैरभैर.

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन आला. माल विमानापाशी पोचला होता, चढला नव्हता. परत फिरवला.

मी भिंतीला टेकलो. आणि मग माझं डोकं सटकलं. एवढं सटकलं की मलाच माझी भीती वाटली. मशीन बिघडलं म्हणावं तर कागदावर रोज तीस. मग भरल्या कुणी? मागच्या खोलीत गेलो. रॅकवर हिरवे दिवे लागलेले, पुढच्या लॉटच्या बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर सगुणामावशी डबा उघडून बसलेली. सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाची भाकरी. एवढा गोंधळ बाहेर चाललेला, पण तिला वाटलं नेहमीसारखं शेठचं ओरडणं असेल.

‘मावशे! हे काय?’

तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. एकदा रॅककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

‘भरतंय,’ ती म्हणाली. ‘रोजच भरतंय. सकाली तीस करून लिवतंय, मंग हितं लावतंय. आपलं नाव जातंय ना रं परदेशात.’

‘रोज? कधीपासून?’

‘माल जाया लागला तवापासनं. पहिला हप्ता सोडून.’

माझ्या मागे विनिता मॅडम, दीपेशभाई, पॅकिंगच्या पोरी, सगळे दाराशी गोळा झालेले. मी काय काय बोललो ते मला आठवत नाही, आठवू नये असंच असणार. अक्कल गहाण ठेवली होतीस का, असं म्हटल्याचं आठवतं. आईच्या वयाच्या बाईला.

मॅडमनी मला हाताने बाजूला केलं. मावशीसमोर दुसरं स्टूल ओढून बसल्या. मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ लावला, कुठल्याशा प्रयोगशाळेतला. लोखंडी पेटीत दोन सारख्या बॅटऱ्या. एकेकीत यंत्राने खिळा घुसवतात. पहिली तीस टक्के भरलेली. खिळा गेला, ती फुगली, धुराची बारीक रेघ आली, गप्प झाली. दुसरी पूर्ण भरलेली. खिळा टेकला मात्र, पांढरा जाळ भसकन बाहेर आला, पेटी दिसेनाशी झाली, आणि जाळ थांबता थांबेना. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या एखादीतही आत दोष असू शकतो, तो खिळ्याचंच काम करतो, मॅडमनी समजावलं. एक पेटली की शेजारची तापते, मग तिच्या शेजारची. तीस टक्क्यांत आग पसरायला जोर उरत नाही. म्हणून तीस.

मावशीने व्हिडिओ परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना तिचे ओठ हलत होते.

‘तवा इमानात कोन असतं?’

‘मालाचं विमान आहे. प्रवासी नसतात. दोन पायलट. कधी एखादा मेकॅनिक.’

‘त्यांना म्हायत असतं, काय नेताव ते?’

‘त्यांच्याकडे कागद असतो ना,’ मॅडम म्हणाल्या. ‘तीस टक्के लिहिलेला. तुमची सही असलेला.’

मावशी स्टुलावरून खाली जमिनीवर बसली. भाकरीचा डबा कलंडला. बोटं दुमडून ती मोजायला लागली, आठवड्याला तीन, महिन्याचे बारा-तेरा, आठ महिने. शंभराला पोचली आणि हात तसेच हवेत राहिले. ‘शंभर येला,’ ती म्हणाली. ‘शंभर येला मी त्यांना...’ मी तिला नवऱ्याच्या तिरडीपाशी बघितलं आहे. तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता. आणि मला, काय सांगू, अजूनही तिचा रागच येत होता.

मग दीपेशभाईंना कंठ फुटला. ‘पण कां? बाई, कां केला हा सगळा? तुला सांगितला नव्हता का कोणी, तीस कशासाठी?’

मावशीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

आणि मला आठवलं. माल जायला लागला तो पहिलाच आठवडा. चहाची वेळ. तिने सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, ‘बाला, पाऊण रिकामा माल कशाला पाठवाचा? गिऱ्हाईक शिव्या देल ना.’ मला घाई होती, का नव्हतीही, उगाच पोरींना हसवायची हुक्की आली. मी म्हटलं, ‘शेठला विचार! लाईटबिल वाचवतो तो!’ पोरी खो खो हसल्या. मावशी हसली नव्हती. ती म्हणाली होती, ‘असं करू नये. लोकांचं माप मारू नये.’ मी चहा संपवला आणि गेलो.

ती थट्टा होती हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं. शेठ वीज वाचवायला गिऱ्हाईकाचं माप मारतो, असं तिच्याच सुपरवायझरने तिला सांगितलं होतं. मग ती तिला जे येत होतं ते करत बसली. जेवायच्या सुट्टीत. तासभर आधी येऊन.

एवढंच असतं तरी एक वेळ निभावलं असतं. या कामाला बसवण्याआधी माणसाला नियम शिकवायचे असतात, दोन दिवस, आणि तसं रजिस्टर ठेवावं लागतं. ते रजिस्टर मीच भरलं होतं. तिला खुर्चीवर बसवलं, चार ठिकाणी सही घेतली, ‘झालं तुझं शिक्षण’ म्हटलं. दोन दिवसांचं शिक्षण पाच मिनिटांत. फक्त तिचंच नाही, सगळ्यांचंच. विनिता मॅडमनी ते रजिस्टर मागवलं.

‘बाई, तुम्हाला शिकवलं होतं?’ मॅडमनी विचारलं. ‘खरं सांगा. यावर पुढचं सगळं ठरणार आहे. ज्याने शिकवलं नाही, त्याला या कामात परत कुणी उभं करणार नाही.’

मावशी जमिनीवरच होती. तिने पदराने तोंड पुसलं.

‘शिकवलेला,’ ती म्हणाली. ‘प्रज्योतने सगला नीट सांगलेला. दोन दिवस सांगलेला. मनाच पटला नाय. माझीच अक्कल.’

या बाईने आयुष्यात खोटं माप दिलं नव्हतं, आणि खोटं बोलली ती ही पहिल्यांदा, माझ्यासाठी. पॅकिंगच्या पोरी खाली बघत होत्या. त्या चहाच्या वेळी हसल्या होत्या, त्यांना सगळं माहीत होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. मी तरी कुठे उघडलं? चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण दुसऱ्यांच्या बाबतीत किती सहज म्हणतो.

केबिनमध्ये मावशीच्या नावाने कागद तयार झाला: मला नियम समजावून सांगण्यात आला होता, तरी मी स्वतःच्या मनाने तो मोडला, म्हणून मी काम सोडत आहे. दीपेशभाईंनी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने खाली नाव ओढलं, नेहमीसारखं एकेक अक्षर. मग कागद माझ्याकडे सरकवला. साक्षीदार म्हणून शिकवणाऱ्याची सही हवी होती.

मी पेन हातात धरून उभा. मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. मला वाटतं, त्या वाट बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, ही खोटं बोलतेय. तेवढंच.

‘कर रं सही, बाला,’ मावशी हळूच म्हणाली. ‘आरोहीची शाला हाय अजून.’

आरोही माझी मुलगी. चौथीत आहे.

मी सही केली. रोजच्यासारखी, वळणदार सही आली.